मनोरुग्णालयाविरुद्धची तक्रार त्याच डॉक्टरांकडे का द्यायची?

घाटंजीची लेक:
धाकट्या भावाला एका मनोरुग्णालयात भरती केलं. पंधरा दिवसांनी भेटायला गेले तर त्याचं डोकं भादरलेलं. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. माझा हात धरून म्हणाला, "ताई, आई गेली का?" आपल्याकडे घरचं माणूस गेल्यावरच डोकं करतात ना! 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 20 प्रमाणे सक्तीनं मुंडण करता येत नाही. तक्रारीसाठी कलम 28 पाहिलं, तर पहिला अर्ज संस्थेच्या प्रमुख डॉक्टरांकडे. भाऊ अजून त्यांच्याच हाती आहे, लिहू कशी? माझं म्हणणं, जिल्ह्याला एक स्वतंत्र लोकपाल हवा आणि पहिला अर्ज त्याच्याकडेच जावा.

वॉर्डातली सिस्टर:
ताई, फार वाईट झालं. पण पहिली पायरी काढू नका. उवा झाल्या की औषध लावत बसायला माणूस नसतो, मग वस्तरा चालतो. हे चूकच आहे. पण प्रमुखांना लेखी कळलं तर दुसऱ्या दिवशी थांबू शकतं. बाहेरचा अधिकारी आधी कागद मागवेल, तोवर आणखी किती जणांची डोकी भादरली जातील?

राळेगावचा शेतकरी:
सिस्टर, आमच्या मायच्या वेळी मी सांगतलं होतं. उत्तर भेटलं, "पटत नसंल त घरी घेऊन जा." कापूस वेचणीच्या दिवसात घरी कोन पाहीन तिले? त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. ताईचं बरोबर आहे.

विधी सेवेची स्वयंसेविका:
नवीन लोकपाल कशाला? कलम 77 प्रमाणे रुग्ण किंवा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणारा माणूस, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे याच कायद्याखाली रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, थेट जाऊ शकतो. फी नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरही अर्ज घेता येतो. अशा अर्जाचा निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो. मंडळावर डॉक्टरांसोबत स्वतः आजारातून गेलेली किंवा रुग्णाला सांभाळणारी माणसंही असतात. वकीलही मोफत, कलम 27.

राळेगावचा शेतकरी:
90 दिवस म्हंजे अख्खा हंगाम, ताई. अन् तवरिक मानूस त्याच वॉर्डात.

घाटंजीची लेक:
मोफत वकिलाचा हक्क रुग्णाला सांगणं हे प्रमुख डॉक्टरांचं काम आहे, तेही त्याच कलमात आहे. आम्हाला कोणी सांगितलं नाही. मंडळाकडे अर्ज देतेच. सिस्टर, प्रमुखांनाही देईन, पण भावाला त्रास होणार नाही ना?

वॉर्डातली सिस्टर:
हाती देऊन परत येऊ नका. आवक विभागात नोंदवा, शिक्का मारलेली पोच घ्या. आणि त्या आठवड्यात रोज भेटायला जा.