शब्दचर्चा : 'दंडाधिकारी' आणि 'न्यायदंडाधिकारी'

शिक्षिका, आर्वी तालुका
नमस्कार. मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. विधिमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ न्याय देतं, एवढं मुलं धडाधड सांगतात. पण तहसीलवर पाटी आहे 'तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी', आणि कोर्टात 'न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग'. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दंडाधिकारी तर दोन्हीकडं आहे, मग वेगळं काय केलं?" तिच्या बाबांची वावरात जायच्या रस्त्याची केस तहसीलला सुरू आहे. घरी त्यालाही 'कोर्टाची पेशी' म्हणतात. तिला नीट उत्तर द्यायचं आहे. शिवाय एक शंका: तिन्ही मंडळं एकमेकांना आवरतात, त्यासाठी 'अंकुश' हा शब्द बरोबर आहे का?

वकील, दारव्हा
मॅडम, मुलीचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. 'दंडाधिकारी' हा मॅजिस्ट्रेटसाठीचा मराठी शब्द. इंग्रजांच्या काळात वसुली करणारा, पोलिसांवर हुकूम चालवणारा आणि आरोपीला शिक्षा देणारा अधिकारी बऱ्याचदा एकच असायचा. ही कामं वेगळी करा, असा ठराव काँग्रेसनं 1886 च्या कलकत्ता अधिवेशनातच केला होता. पुढं घटनेच्या कलम 50 नं ती दिशा राज्यांना घालून दिली. काही राज्यांनी आधी पावलं उचलली, पण देशभर एकसारखी विभागणी झाली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, 1 एप्रिल 1974 पासून. तेव्हापासून दंडाधिकारी दोन प्रकारचे झाले: न्यायिक आणि कार्यकारी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तेच आहे.

म्हणजे तहसीलदारांचं या कामातलं खरं नाव 'कार्यकारी दंडाधिकारी'. पाटीवर जागा वाचवायला 'कार्यकारी' गळतं आणि घोळ होतो. गावात दोन गटांत तणाव असला की शांतता राखायचा बॉन्ड ते लिहून घेतात, ज्याला लोक 'चॅप्टर केस' म्हणतात. चोरीचा, मारहाणीचा खटला चालवून शिक्षा देणं हे मात्र न्यायदंडाधिकाऱ्याचं काम.

निवृत्त नायब तहसीलदार, मूर्तिजापूर
वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण त्या मुलीच्या बाबांची केस यात बसतच नाही. धुऱ्यावरून वावरात जायच्या रस्त्याचा अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 143 खाली होतो. तिथं साहेब दंडाधिकारी म्हणून बसत नाहीत, महसुली अधिकारी म्हणून बसतात. दोन्ही बाजूंना नोटीस, मौक्यावर पाहणी, दोघांचं म्हणणं ऐकून कारणांसह आदेश. याला 'अर्धन्यायिक' काम म्हणतात. म्हणून 'पेशी' हा शब्द तिथं शोभतो, 'कोर्ट' शोभत नाही. अर्जावरही हाच फरक दिसावा: रस्त्यासाठी 'मा. तहसीलदार', शांततेच्या बॉन्डसाठी 'मा. कार्यकारी दंडाधिकारी'. लोक दोन्ही पदं एकाखाली एक लिहितात, त्यानं अर्ज फेटाळला जात नाही, पण आपण कोणत्या अधिकाराकडं दाद मागतोय हे लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

शिक्षिका, आर्वी तालुका
दादा, तुमच्यामुळं बरंच सुटलं. पण मग निवाडा करणारे शेवटी सरकारचेच नोकर झाले ना? मुलं हेच विचारतील.

वकील, दारव्हा
विचारू द्या. आपल्याकडं पूर्ण फारकत कधी केलीच नाही, हे त्यांना सांगायला हवं. घटना समितीत के. टी. शहांनी तिन्ही शाखा पूर्णपणे वेगळ्या करणारं कलम सुचवलं होतं. 10 डिसेंबर 1948 ला ते नामंजूर झालं. न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी असावी, यावर बाबासाहेबांचा वाद नव्हता. मंत्र्यांना कायदेमंडळातून बाहेर काढायला ते तयार नव्हते. त्याआधी 4 नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी कारण दिलं होतं: संसदीय पद्धतीत सरकारची झडती रोज घेता येते, प्रश्न विचारून, ठराव मांडून, अविश्वास आणून. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं तेव्हा आपल्या भागातल्या पांदण रस्त्यांवर आमदार मंत्र्याला उभं करतो, ते याच झडतीतलं आहे.

आता तुमच्या मुलांचा प्रश्न. न्यायदंडाधिकाऱ्याची बदली, बढती, रजा कोणाच्या हाती? कलम 235 प्रमाणे उच्च न्यायालयाच्या. तहसीलदाराची? सरकारच्या. वेगळेपण मला इथं दिसतं, पाटीत नाही. आणि तहसीलदारानं बॉन्डचा चुकीचा आदेश दिला तर तो सत्र न्यायाधीशासमोर तपासायला नेता येतो. कायदा संसदेनं केला, अधिकारी सरकारनं नेमला, त्याचा हुकूम कोर्टानं पडताळला. तालुक्याच्या एका कागदावर तिन्ही शाखा दाखवता येतात.

'अंकुश' मात्र मी टाळेन. अंकुश माहुताच्या हाती असतो, हत्तीच्या नाही. इथं तर ज्याला आवरलं जातं तोही दुसऱ्याला आवरतो. 'नियंत्रण आणि संतुलन' अचूक आहे, पण मुलांना जड जातं. 'परस्पर नियंत्रण' लिहा. 'वचक' अजिबात नको, तो माणसाचा असतो, कायद्याचा नाही.

शिक्षक, धानोरा
एक भर घालतो. मुलं 'सत्ताविभाजन' आणि 'विकेंद्रीकरण' हमखास एक करतात. पहिलं तीन शाखांमधलं. दुसरं वरून खाली, ग्रामसभेपर्यंत, ज्याला 73 व्या घटनादुरुस्तीनं 24 एप्रिल 1993 पासून घटनेचा आधार मिळाला. आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". ती विकेंद्रीकरणाची. सत्ताविभाजनाचं उदाहरण म्हणून ती देऊ नये.

शिक्षिका, आर्वी तालुका
'परस्पर नियंत्रण' फळ्यावर लिहिते. मुलीच्या बाबांना काही सांगायचं का, दादा?

निवृत्त नायब तहसीलदार, मूर्तिजापूर
हो ताई. 143 चा निर्णय विरोधात गेला तर दिवाणी कोर्टात दावा करायला 1 वर्ष मिळतं, आणि ते निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. आदेश झाल्याबरोबर नक्कल काढून ठेवायला सांगा. तोंडी 'झालं तुमचं काम' यावर विसंबू नये.