ओसाकाहून एक दिवस: हिमेजी की ओकायामा?

कुलकर्णी काकू (ए-२०३): एप्रिलमध्ये लेकीकडे ओसाकाला चाललोय. एक दिवस मोकळा आहे. मला किल्ला बघायचाय, ह्यांना तलवारी. कोणी जाऊन आलंय का?

सुमेध (सी-५०१): काकू, डोळे मिटून हिमेजी! १६०९ सालचा लाकडी मनोरा अजून उभा आहे. गर्दी असते, सकाळी लवकर गाठा.

जोशी काका (बी-३०४): किल्ल्यापुरतं सुमेधचं बरोबर. पण तलवारी बघायच्या तर वहिनी, त्याच शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) पुढे ओकायामाला जा. आम्ही दोघं जाऊन आलोय.

सुमेध: काका, पण ओकायामाचा किल्ला काँक्रीटचा आहे ना?

जोशी काका: मनोरा काँक्रीटचा, १९६६ चा. तिथल्या उकिता हिदेइए या सरदाराने १५९७ मध्ये पुरा केलेला मूळ मनोरा जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्सुकिमी यागुरा हा बुरूज मात्र वाचला, तो नीट बघा. मनोरा बाहेरून काळाभोर, म्हणून लोक या किल्ल्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. नदीपलीकडे कोराकुएन बाग. आपल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर केलंय.

कुलकर्णी काकू: अगंबाई, रोज तिथेच तर फिरायला जातो आम्ही! आणि तलवारी किल्ल्यातच आहेत का?

जोशी काका: खरी जागा ओसाफुने गावातलं तलवारींचं संग्रहालय. ओकायामाहून आको लाइनची लोकल, स्टेशनवरून टॅक्सी. हा जुना बिझेन प्रांत. डोंगरात लोहयुक्त वाळू, भट्टीला कोळसा, माल न्यायला योशिई नदी. त्यामुळे शेकडो वर्षं इथे लोहारांची घराणी नांदली. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेल्या तलवारींपैकी जवळजवळ निम्म्या बिझेनच्या आहेत!

जोशी काकू (बी-३०४): मला तर पात्याच्या धारेवरची नक्षी विसरता येत नाही. लवंगेच्या कळ्या ओळीने मांडाव्यात तशी. ती कोरलेली नसते बरं का. पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन गार होऊन कडक होते, पाठ चिवट राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर ती नक्षी उमटते. संग्रहालयाच्या आवारात लोहार, पातं घासून झळाळी देणारे, म्यान करणारे असे कारागीर काम करताना दिसतात. झळाळी देणारा एकेका पात्यावर किती वेळ बसतो ते बघाच.

जोशी काका: सोळाव्या शतकातल्या उएसुगी केन्शिन या सरदाराची सांचोमो तलवारही तिथलीच, तेराव्या शतकातली. ती आपल्या गावी परत यावी म्हणून तिथल्या सेतोउची नगरपालिकेने देशभरातून देणग्या गोळा केल्या आणि २०२० मध्ये ५० कोटी येन मोजून ती घेतली. एवढ्याशा गावाने! मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं.

सुमेध: हे माहीत नव्हतं काका. मग ओकायामाच.

जोशी काका: वहिनी, सांचोमो कायम मांडलेली नसते, आधी चौकशी करा. आणि घणाखाली पोलाद ठोकण्याचं प्रात्यक्षिक साधारण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतं.

कुलकर्णी काकू: लेकीला लगेच कळवते, तो रविवार मोकळा ठेव म्हणून. हे आत्तापासूनच खूश आहेत 🙏