नोकरीसाठी बायोडाटा / सीव्ही : तुमचे अनुभव सांगा

अनघा_प :
काल भाचीचा सीव्ही बघितला. पहिलं पान हार्डवर्किंग, टीम प्लेयर, डायनॅमिक यानेच भरलंय आणि चाकणला अप्रेंटिस म्हणून जे काम केलं ते मागच्या पानावर एका ओळीत. एकदम आमच्या वेळचे टाइप केलेले बायोडाटे आठवले, वडिलांचं नाव, धर्म, उंची आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून सही. तिला म्हटलं बयो, हाताने काय काम केलंस ते आधी लिही. तुम्हीही सांगा, तिला दाखवते.

भोसरीकर :
ताई बरोबर सांगितलंत. मी वर्कशॉपवर पोरं घेतो. सीएनसीवाल्याच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन चालवणाऱ्याच्या कागदावर मी बघतो कंट्रोलर फानुकचा चालवलाय की सीमेन्सचा, ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) स्वतः देतो का, ड्रॉइंग वाचता येतं का. परवा एकाने लिहिलेलं "टर्निंग, फानुक, बेअरिंगची रेस, सेटिंग स्वतः करतो". लगेच फोन लावला त्याला. बाकी सगळ्यांचं हॉबी क्रिकेट.

सुलूमावशी :
भाची चाकणलाच राहते का गं? मुलींना खोल्या मिळणं अवघड झालंय तिकडे.

अनघा_प :
नाही मावशी, तळेगावहून कंपनीच्या बसने जायची.

निनाद_टेक :
दोन कॉलमवाली रंगीत टेम्प्लेटं नको. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्यात कॉलम एकमेकांत मिसळू शकतात. पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, तिथे सरळ वाचता आलं तर ठीक.

मीनल_जर्मनी :
इकडे 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर फोटोची सक्ती नाही, तरी बरेच जण लावतात. आणि मधे रिकामे महिने दिसले की हमखास विचारतात. अमेरिकेतली नणंद म्हणते फोटो, वय, लग्न काहीच घालायचं नाही, त्यामुळे एकच सीव्ही सगळीकडे पाठवू नका प्लीज

प्राची२२ :
मुलगी लहान होती म्हणून नोकरी सोडलेली. सगळे म्हणाले गॅप झाक, मी सरळ लिहिला, आणि त्याच्याखाली लिहिलं की घरून मावसभावाच्या दुकानाचं टॅली, जीएसटीआर वन आणि थ्रीबी ही जीएसटीची रिटर्न्स मीच भरत होते. मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच आले, आणि घेतलं!! कुकर लावलाय, बाकीचं रात्री

भोसरीकर :
अभिनंदन ताई 🙏

सुलूमावशी :
प्राची, आमच्या ह्यांच्या दुकानाचं जीएसटी बघशील का गं? व्यनि (खाजगी निरोप) करते.