क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माच्या तक्त्यावर वाफ नको, डांबर दाखवा

मूर्तिजापूरकर: प्रोटॉन-न्यूट्रॉनचे घटक क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन मोकळे झालेलं अतितप्त द्रव्य म्हणजे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनीत त्याच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, "पाण्याची वाफ होते तसे प्रोटॉन वितळून क्वार्क मोकळे होतात." हे वाक्य काढा. पाणी 100 अंशांवर अडतं, सगळ्याची वाफ होईस्तोवर पारा हलत नाही. बॅरिऑन घनता (प्रतिकण वजा जाता उरणाऱ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची दाटी) शून्याजवळ असताना क्वार्क द्रव्यात असा थांबाच नाही. बदल सलग होतो, 156 एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक, इथे तापमानासाठी), म्हणजे 1.8 लाख कोटी केल्विनच्या आसपास. 2006 च्या लॅटिस गणिताने, म्हणजे अवकाश-काळाची जाळी करून संगणकावर केलेल्या गणिताने, ते दाखवलं. मे महिन्यातलं डांबर पाहा. सकाळी टणक, दुपारी चपलेला चिकटतं, पण अमुक क्षणी वितळलं असं बोट ठेवता येत नाही. पोरांना लगेच कळतं.

कारंजेकर: भाऊ, पाण्याचं चित्र पूर्ण काढा ना! 374 अंश आणि सुमारे 218 वातावरण दाबापलीकडे पाणीही उकळत नाही, द्रव-वाफ हा भेदच उरत नाही. उकळण्याची रेघ तिथे संपते. क्वार्क द्रव्यातही घनता वाढवली की अशी रेघ आणि तिच्या टोकाला क्रांतिक बिंदू असावा, असा अंदाज आहे. डांबरात ते टोकच नाही. मग ते टोक शोधायला आरएचआयसी या अमेरिकेतल्या कण-टक्कर यंत्रात सोन्याच्या केंद्रकांची टक्कर 200 जीईव्हीवरून (1 जीईव्ही म्हणजे 1000 एमईव्ही) 7.7 पर्यंत का उतरवली, हे कसं सांगाल? ऊर्जा कमी केली की बॅरिऑन घनता वाढते. तक्त्यावर नेमकं हेच उलटं लिहितात.

मूर्तिजापूरकर: उलटं लिहितात, हे खरं. पण "असावा" म्हणजे "आहे" नव्हे. घनता घातली की लॅटिसमधली वजनं, म्हणजे प्रत्येक शक्यतेला दिलेले आकडे, धन राहत नाहीत, संमिश्र होतात. नमुने घेऊन बेरीज जमत नाही. प्रयोगात निव्वळ प्रोटॉनसंख्येच्या चढउताराचा चौथा क्युम्युलंट (चढउताराच्या आकाराचं एक सांख्यिकी माप) मोजतात. न्यूट्रॉन त्यात येत नाहीत, डिटेक्टर काही प्रोटॉन गाळतो, टकरीचा आकार दरवेळी वेगळा. शिवाय टकरीत झालेला तप्त गोळा 10⁻²² सेकंदाच्या आत विरतो, क्रांतिक बिंदूची खूण असलेले कणांमधले सहसंबंध वाढायला वेळच मिळत नाही.

वाशीमकर: तुम्ही दोघंही तापमान-घनतेच्या तक्त्याच्या गरम कोपऱ्यातच फिरताय. घनतेचं टोक थंड आहे, न्यूट्रॉन ताऱ्यात. सुमारे 2 सूर्यांइतकं वस्तुमान पेलणारे तारे सापडलेत; आतलं द्रव्य फार मऊ असतं तर ते कोसळले असते. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या 17 ऑगस्ट 2017 च्या गुरुत्वलहरींनी उलट बाजू बांधली, ते फार ताठही नाही. अशा लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेची जागा आपल्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातच आहे. तो कोपरा रिकामा सोडू नका, जी.

कारंजेकर: कबूल. 156 पाशी रेघ न ओढता रंग पसरवा, क्रांतिक बिंदू तुटक रेघेच्या टोकाला, प्रश्नचिन्हासकट. पाणी मात्र राहू द्या, दाबाचा आकडा लिहून.