दोन मुंगसं = मॉन्गीस का मॉन्गूसेस?

खादाड_बोका: लेकाने इंग्रजी निबंधात दोन मुंगसांना 'मॉन्गीस' लिहिलं, गूसचं गीस होतं ना तसं, तर बाईंनी लाल पेनाने गोल केला आणि आता तो माझं डोकं खातोय की का चुकलं. काय सांगू?

कोकणी_काका: अहो त्यात हंस आला कुठून! शब्द आपलाच, मराठी मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेला, गूससारखं स्पेलिंग गोऱ्यांनी केलं. म्हणून मॉन्गूसेस.

तिसरी_घंटा: पण मेरियम-वेबस्टरमध्ये मॉन्गीसपण दिलंय, कमी वापरलं जाणारं म्हणून.

खादाड_बोका: हे त्याला सांगू की नको? उद्या डिक्शनरी घेऊनच शाळेत जाईल 😅