मदत हवी आहे: ४८६ लॅपटॉपवर फ्रीडॉस, नेटवर्क कार्ड ओळखलं जातं पण आयपी पत्ता मिळत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे ४८६ प्रोसेसरचा, ८ एमबी रॅमचा एक लॅपटॉप आहे. त्यावर फ्रीडॉस १.३ (जुन्या डॉसशी सुसंगत, मुक्त कार्यप्रणाली) टाकलं आहे आणि आता तो घरच्या नेटवर्कवर आणायचा आहे. माझं बरंचसं लेखन मी ह्याच्यावरच करतो. कीबोर्ड अप्रतिम आहे, चालू केला की लगेच लिहायला बसता येतं आणि समोर मजकुराशिवाय दुसरं काही नसतं. पण फ्लॉपी ड्राइव्ह आता डिस्क वाचेनाशी झाली आहे, त्यामुळे लिहिलेलं बाहेर काढायचं कसं हा प्रश्न आहे. दरवेळी हार्डडिस्क सोडवून अडॅप्टरला लावणं नको वाटतं, त्या ४४ पिनांच्या कनेक्टरवर फार भरवसा नाही.

लॅपटॉपला पीसीएमसीआयए स्लॉट आहे, जुना १६ बिटी. कार्डबस कार्ड त्यात जातच नाही (कनेक्टरच्या बाजूला सोनेरी पट्टी असलेलं ते कार्डबस, हे शोधताना कळलं). म्हणून १० एमबीपीएसचं, एनई२००० सुसंगत १६ बिटी इथरनेट कार्ड मिळवलं. ते राउटरला केबलने जोडलं आहे.

आतापर्यंत काय झालं ते सांगतो. सुरुवातीला कार्ड सापडतच नव्हतं. जेम३८६ हा मेमरी मॅनेजर डी००० पासूनचा भाग स्वतःसाठी वापरत होता, आणि कार्डाची माहिती वाचायला एनेबलरला (कार्ड जागं करणारा छोटा प्रोग्राम) नेमकी तीच जागा हवी होती. एफडीकॉन्फिग फाइलमध्ये जेम३८६ च्या ओळीत एक्स= देऊन डी००० ते डीएफएफएफ हा भाग वगळल्यावर एनेबलरला कार्ड दिसलं. त्यानंतर क्रिनवर संचातला एनई२००० पॅकेट ड्रायव्हर (कार्ड आणि नेटवर्क प्रोग्राम ह्यांच्यातला दुवा) चढवला. तो कार्डाचा इथरनेट पत्ता अगदी बरोबर दाखवतो, म्हणजे कार्डावर छापलेलाच.

अडलंय ते पुढे. एमटीसीपी ह्या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रामांच्या संचातला डीएचसीपी प्रोग्राम (राउटरकडून आयपी पत्ता मागणारा) चालवला की तो विनंत्या पाठवत राहतो आणि शेवटी वेळ संपल्याचं सांगून थांबतो. कॉन्फिग फाइलमध्ये पॅकेट इंटरप्ट हेक्स ६० दिला आहे, ड्रायव्हरलाही तोच. आयपी पत्ता हाताने घालून पिंग करून पाहिलं, उत्तर नाही. दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग केलं, तेही नाही. कार्डावरचा दिवा मात्र लागलेला असतो.

राउटरच्या लॉगमध्ये एक गोष्ट दिसली: लॅपटॉपकडून डिस्कव्हर (पत्त्याची मागणी) येतो, राउटर ऑफर (देऊ केलेला पत्ता) पाठवतो, आणि हेच पुन्हा पुन्हा चालतं. लॅपटॉप ऑफर स्वीकारतच नाही.

कार्ड आयओ पत्ता हेक्स ३०० आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्टची, वाट) ५ वर आहे. कार्डाबरोबरच्या नमुना फाइलमध्ये हेच आकडे होते आणि ड्रायव्हरलाही हेच दिले आहेत. कार्ड खराब आहे का? आणि दुसरा प्रश्न: एकदा नेटवर्क चालू झालं, तर एवढ्या यंत्रावर आजच्या इंटरनेटचं काय काय करता येईल?

प्रतिसाद: केबलवाला

कार्ड खराब नाही. राउटरच्या लॉगमधलं ते वाक्य टाकलंत ते फार बरं केलंत, निदान तिथेच झालं. तुमच्याकडून पॅकेट बाहेर जातंय आणि आत येत नाहीये. एनई२००० वर इथरनेट पत्ता वाचणं आणि पॅकेट पाठवणं ही कामं आयओ पत्त्यावरून होतात, त्यासाठी इंटरप्ट लागत नाही. आलेलं पॅकेट उचलायला मात्र इंटरप्ट हवाच. कार्डाने घंटा वाजवली आणि ती ड्रायव्हरपर्यंत पोचलीच नाही, तर तुम्ही पाहताय तेच घडतं.

४८६ च्या काळातल्या लॅपटॉपमध्ये आयआरक्यू ५ बहुतेक वेळा साउंड चिपकडे असतो. आयसा बसवर (त्या काळचा उपकरणं जोडण्याचा मार्ग) दोन उपकरणांनी एक आयआरक्यू वाटून घेणं सहसा जमत नाही. ३ आणि ४ सीरियल पोर्टकडे (३ वर पुष्कळदा इन्फ्रारेड बसलेलं असतं), ६ फ्लॉपीकडे, ७ पॅरलल पोर्टकडे, १२ माऊसकडे, १४ हार्डडिस्ककडे. राहिले १० आणि ११. आधी १० वापरून पाहा.

आयआरक्यू दोन ठिकाणी बदलावा लागेल: कार्ड जागं करणाऱ्या एनेबलरच्या ओळीत, आणि पॅकेट ड्रायव्हरच्या ओळीत. ड्रायव्हरच्या नावापुढे तीन आकडे असतात, पॅकेट इंटरप्ट, मग आयआरक्यू, मग आयओ पत्ता. हेक्स आकड्यांना झीरो-एक्स लावायला विसरू नका. १० हा साधा दशमान म्हणून लिहा.

बदल केल्यावर लगेच डीएचसीपीकडे धावू नका. एमटीसीपीमध्येच पीकेटीटूल आहे, त्याचा लिसन पर्याय चालवून दोन मिनिटं बघत बसा. घरच्या नेटवर्कवर कुणी ना कुणी एआरपीच्या (‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ अशा) हाका मारत असतंच, त्या पडद्यावर दिसायला लागल्या की इंटरप्ट पोचतोय. काहीच दिसलं नाही तर ११ लावा.

आणि दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपला पिंग न लागणं हे बिघाडाचं लक्षण धरू नका. डॉसमध्ये टीसीपी-आयपी मागे कायम चालू नसतं. एमटीसीपीचा प्रत्येक प्रोग्राम ते स्वतःबरोबर घेऊन येतो आणि बंद होताना घेऊन जातो. प्रॉम्प्टवर असताना पिंगला उत्तर द्यायला तिथे कुणी नसतं.

प्रतिसाद: नवा_सदस्य

एखादं हलकं लिनक्स का टाकत नाही? हे सगळे त्रास वाचतील.

धागाकर्ता

सूचनेबद्दल आभार. पण ८ एमबीमध्ये आजचं कुठलंही लिनक्स उभं राहणार नाही, आणि राहील ते इतकं जुनं असेल की त्याचे प्रश्न वेगळे सोडवावे लागतील. शिवाय मला डॉसच हवं आहे. माझा लेखनाचा प्रोग्राम डॉसचा आहे आणि तो उत्तम चालतो. १९९४ मध्ये जिम हॉल ह्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प अजून जिवंत आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, म्हणून तर ह्या यंत्राला आज नेटवर्कचा विचार करता येतो.

आयआरक्यू बदलून कळवतो.

प्रतिसाद: सीरियल_पोर्ट

केबलवाला ह्यांच्याशी सहमत. तरीही कार्ड दाद देत नसेल तर निराश होऊ नका, अजून रस्ते आहेत. सीरियल पोर्टवर नल मोडेम केबल लावून दुसऱ्या टोकाला लिनक्स संगणकावर पीपीपी (सीरियल केबलवरून नेटवर्क) चालवता येतं, डॉसच्या बाजूला त्यासाठी ईपीपीपीडी आहे. वेग जास्तीत जास्त ११५२०० बीपीएस, तोही पोर्टमध्ये १६५५० चिप असेल तर, कारण तिच्यात १६ बाइटचा बफर असतो. जुन्या ८२५० मध्ये एकाच बाइटची सोय, त्यामुळे वेग वाढवला की अक्षरं गळतात. मजकुराच्या फाइलींना हा वेग पुरेसा आहे. पॅरलल पोर्टवर प्लिपही (त्याच पोर्टच्या केबलवरून नेटवर्क) करता येतं, पण त्याची केबल आणि दुसऱ्या बाजूचं यंत्र दोन्ही जुळवताना जास्त दमछाक होते. मी तरी आधी सीरियल निवडेन.

धागाकर्ता

आयआरक्यू १० वर चाललं! एनेबलर आणि ड्रायव्हर दोन्हीकडे बदललं, पीकेटीटूलमध्ये पॅकेटं सरसर यायला लागली, आणि डीएचसीपीला पहिल्याच विनंतीला पत्ता मिळाला. केबलवाला, तुमचे मनःपूर्वक आभार. पिंगचं स्पष्टीकरण कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

एफटीपीने कालचं लिखाण दुसऱ्या संगणकावर गेलंसुद्धा.

आता एक वेगळीच गोष्ट होते आहे. लॅपटॉपची घड्याळाची बॅटरी संपलेली आहे, त्यामुळे चालू केला की तारीख १९८० ची असते. म्हणून डीएचसीपीनंतर एसएनटीपी चालवून वेळ लावून घेतो. वेळ बरोबर लागते, पण त्यानंतर एफटीपी उघडलं की पत्त्याची मुदत संपल्याची तक्रार येते. आत्ताच तर पत्ता घेतला होता.

प्रतिसाद: केबलवाला

डीएचसीपी पत्ता घेताना त्या क्षणाची वेळ आणि मुदत कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवतं. तुमच्याकडे ती वेळ १९८० ची लिहिली जाते. मग एसएनटीपी घड्याळ थेट आजवर आणतं, आणि पुढच्या प्रोग्रामच्या हिशेबाने मुदत कित्येक वर्षांपूर्वीच संपलेली असते. एफडीऑटो फाइलमध्ये डीएचसीपी, एसएनटीपी आणि पुन्हा डीएचसीपी असा क्रम ठेवा. नाहीतर राउटरच्या वाटपाबाहेरचा एखादा पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये कायमचा लिहून टाका, मग मुदतीचा प्रश्नच उरत नाही. टीझेड हे टाइमझोनचं चल आधी सेट केलेलं असू द्या, नाहीतर वेळ काही तासांनी चुकेल. आणि बॅटरी बदलणं शक्य असेल तर लवकर बदला. जुन्या बॅटऱ्या गळतात आणि बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातात, तो तोटा भरून निघत नाही.

प्रतिसाद: मजकूरप्रेमी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आजच्या वेबची खरी अडचण एचटीटीपीएस ही आहे. जवळजवळ सगळी संकेतस्थळं टीएलएस (कूटबद्ध, सुरक्षित जोडणी) मागतात, आणि सुरुवातीच्या किल्ल्यांच्या देवाणघेवाणीतच ४८६ दमून जातो. टीएलएस जाणणारे डॉस ब्राउझर आहेत, पण ८ एमबीमध्ये त्यांच्याकडून सुखाची अपेक्षा करू नका.

ह्यावर उपाय म्हणजे घरातल्या एखाद्या नव्या संगणकावर वेबवन हा प्रॉक्सी चालवणं. टीएलएसचं काम तो संगणक करतो आणि तुमच्या लॅपटॉपला साधं एचटीटीपी देतो. अराक्नी ब्राउझरमध्ये प्रॉक्सी म्हणून त्या संगणकाचा पत्ता द्या. चित्रं बंद ठेवा. जावास्क्रिप्टवर उभी असलेली पानं तरीही दिसणार नाहीत, लेख-बातम्यांसारखी साधी पानं बऱ्यापैकी वाचता येतील. हा प्रॉक्सी घरच्या नेटवर्कपुरताच ठेवा आणि त्यातून पासवर्ड लागणारं काही उघडू नका, कारण प्रॉक्सीपासून लॅपटॉपपर्यंत सगळं उघड्यावर जातं.

गोफर (वेबच्या सुरुवातीच्या काळातली, मजकुरावर चालणारी माहितीसेवा) मात्र जरूर बघा. मातेउश व्हिस्ते ह्यांचा गोफरस हा प्रोग्राम डॉससाठीच लिहिला आहे, टीएलएसची गरज नाही, आणि मजकूर वाचायला तुमच्या यंत्राइतकी योग्य जागा दुसरी नाही. गप्पांसाठी एमटीसीपीतलं आयआरसीजेआर आहे, पण त्यात टीएलएस नाही, म्हणून साधी जोडणी स्वीकारणारं आयआरसी नेटवर्क निवडा.

फाइलींसाठी एफटीपीपेक्षा सोयीचं काही हवं असेल तर व्हिस्ते ह्यांचंच इथरडीएफएस आहे. लिनक्स संगणकावरची एक फोल्डर तुम्हाला डॉसमध्ये थेट ड्राइव्हचं अक्षर म्हणून दिसते. लेखनाच्या प्रोग्राममधूनच तिथे सेव्ह करा, वेगळं पाठवायची गरज नाही. ते आयपी वापरतच नाही, सरळ इथरनेटवर चालतं, त्यामुळे डीएचसीपी रुसलं तरी तुमच्या फाइली जातील.

धागाकर्ता

इथरडीएफएस हेच मला हवं होतं, आजच लावतो. बॅटरीही ह्या आठवड्यात उघडून बघतो.

शेवटचा एक प्रश्न. केबल राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत पूर्ण खोलीतून जाते. ह्या स्लॉटसाठी वायफाय कार्ड मिळेल का?

प्रतिसाद: सीरियल_पोर्ट

कार्डं होती, ८०२.११बी ची, आणि काहींना डॉसचे ड्रायव्हरही होते. पण ते डब्ल्यूईपीच्या (वायफायची जुनी, सहज फुटणारी सुरक्षा) पुढे जात नाहीत, आणि त्यासाठी घरचं वायफाय डब्ल्यूईपीवर आणणं म्हणजे दार उघडं टाकणं. त्यापेक्षा क्लायंट मोडमध्ये चालणारा छोटा राउटर टेबलावर ठेवा आणि त्याच्या इथरनेट पोर्टात हेच कार्ड लावा. डब्ल्यूपीएचं (वायफायच्या नव्या सुरक्षेचं) काम तो करेल, लॅपटॉपला फक्त केबल दिसेल. घेण्याआधी एवढंच बघा की त्याचा पोर्ट १० एमबीपीएस पाळतो, आणि इथरडीएफएस वापरणार असाल तर तो खराखुरा ब्रिज (सगळी पॅकेटं जशीच्या तशी पलीकडे देणारा) म्हणून चालतो. नुसतं नॅट (आयपी पत्ते बदलून पुढे देणं) करणारा असेल तर एफटीपी चालेल, पण इथरडीएफएसची पॅकेटं पलीकडे जाणार नाहीत.