मदत हवी आहे : न्यूरेंबर्गच्या हस्तिदंती छायाघड्याळांवरील चिन्हांचा अर्थ

नमस्कार. सोळाव्या-सतराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे घडवल्या गेलेल्या, खिशात मावणाऱ्या हस्तिदंती छायाघड्याळांविषयी जाणकारांकडून मार्गदर्शन हवे आहे. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या उघडल्या की मधला दोरा ताणला जातो आणि त्याची सावली तासांच्या रेषांवर पडते. खालच्या पट्टीत बसवलेल्या होकायंत्राने दिशा साधायची, तर दोऱ्यासाठीच्या निरनिराळ्या छिद्रांमुळे अक्षांशानुसार त्याचा कोन बदलायचा, ही रचना मला समजली आहे. एकाच वस्तूवर सूर्यास्तापासून मोजलेले इटालियन तास आणि सूर्योदयापासून मोजलेले बॅबिलोनी तास शेजारीशेजारी कोरलेले पाहून तर थक्क व्हायला होते.

माझी अडचण कलाकुसरीची आहे. टुखर घराण्याचा सर्प किंवा राइनमान घराण्याचा मुकुट ही कारागिरांची ओळखचिन्हे होत, हे मान्य. परंतु झाकणावरील वाऱ्यांचे चक्र (वाऱ्यांच्या दिशा दाखवणारी वर्तुळाकार आकृती), सूर्याचा मानवी चेहरा आणि वेलबुट्टी यांत ग्राहकाला काही धार्मिक वा नैतिक आशय दिसत असे, की ती निव्वळ सजावट होती? क्रूसाच्या आकाराच्या छायाघड्याळांत हा आशय उघड असतो, म्हणूनच ही शंका येते. हा भेद कोणत्या खुणांवरून ओळखावा? संग्रहालयांच्या सूचीत वस्तूचे वर्णन असते, अर्थ क्वचितच असतो. प्रतिमाशास्त्राच्या (कलेतील चित्रे-चिन्हांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या) अभ्यासकांनी कृपया एखादे ठोस उदाहरण देऊन समजावावे.